झाकलेल्या ग्लासांतली स्कॉच

स्वस्त स्कॉचची बाटली हातात आली की लोक नाव वाचतात, मग किंमत. त्याआधी लेबलाच्या कोपऱ्यातला एक आकडा वाचावा: ४२.८. भारतात भरल्या जाणाऱ्या बहुतेक स्कॉचमध्ये मद्यार्काचं प्रमाण इतकं असतं. तेच नाव आणि तेच चित्र असलेली बाटली लंडनमध्ये घेतली तर तिच्यावर बहुधा ४० छापलेलं असतं. हा पावणेतीन टक्क्यांचा फरक म्हणजे साहेबाचा आपल्याकडे राहून गेलेला हिशेब आहे. जुन्या ब्रिटिश मोजणीत सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क म्हणजे शंभर प्रूफ. त्याच्या खाली पंचवीस अंश उतरलं की पंचाहत्तर प्रूफ, म्हणजेच ४२.८ टक्के. ब्रिटनने १९८० मध्ये प्रूफ सोडून सरळ टक्केवारी धरली. आपल्या बाटलीत मात्र पंचाहत्तर प्रूफच राहिलं.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कुणा इंग्रज समीक्षकाने एखाद्या ब्लेंडबद्दल लिहिलेलं वाचून आपण आपल्या वाईन शॉपमधली बाटली जोखायला गेलो तर ते जमत नाही. त्याने ४० टक्क्यांची चाखलेली असते आणि आपल्या ग्लासात अधिक कडक असते. शिवाय तो बसलेला असतो एडिंबराच्या पंधरा-सोळा अंशांच्या खोलीत. ‘रूम टेम्परेचरला प्या’ हा त्याचा सल्ला नागपुरात मे महिन्यात पाळला तर नाकात मद्यार्काच्या झोताशिवाय दुसरं काही शिरणार नाही. तेव्हा आपल्याकडे मिळणारी, आपल्या खिशाला झेपणारी स्कॉच कशी आहे हे आपल्याच घरी, आपल्याच नाकाने ठरवलेलं बरं. त्याची रीत अवघड नाही. थोडी शिस्त लागते, इतकंच.

आधी एक गैरसमज. ‘भारतात भरलेली, म्हणजे खरी स्कॉच नव्हे’ असं सांगणारा एकजण प्रत्येक बैठकीत असतो. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळलेली हवी, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षं तिथेच मुरलेली हवी, आणि बाटलीत भरताना ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरमेल सोडून तिच्यात काहीही घालायला मनाई आहे. सिंगल माल्ट तर २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. ब्लेंडेड स्कॉचला मात्र मोठ्या टाक्यांतून परदेशी पाठवून तिथे भरायची मुभा आहे. भारतात येणाऱ्या स्कॉचचा मोठा भाग असाच येतो. नगांच्या हिशेबात भारत ही आज स्कॉचची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ आहे. २०२४ मध्ये सुमारे १९ कोटी बाटल्यांइतकी स्कॉच इकडे आली. पैशांच्या हिशेबात अमेरिका पुढे आहे, कारण ते महागडी घेतात आणि आपण ही खालच्या फळीवरची.

खरी गल्लत होते ती दुसरीकडे. आपल्याकडच्या बऱ्याच ‘प्रीमियम’ व्हिस्क्यांच्या लेबलावर स्कॉच माल्ट मिसळल्याचा उल्लेख असतो. ती स्कॉच नव्हे. ते बहुतांशी इथलंच स्पिरिट, अनेकदा उसाच्या मळीपासून गाळलेलं, आणि त्यात थोडी आयात केलेली माल्ट. प्यायला वाईट असते असं नाही, पण तुलनेच्या टेबलावर तिला स्कॉचशेजारी मांडू नये. नावाच्या या खेळात न्यायालयंही उतरली आहेत. ‘पीटर स्कॉट’ ही अस्सल भारतीय व्हिस्की १९६८ पासून विकली जात होती. तिच्या नावाला स्कॉच उत्पादकांच्या संघटनेने हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ मध्ये निकाल लागला तो भारतीय कंपनीच्या बाजूने. संघटनेने तक्रार करायला फार उशीर लावला, हे त्यामागचं महत्त्वाचं कारण.

किमतीचं गणित चवीपेक्षा कराचं असतं. केंद्राचं सीमाशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, मग व्हॅट, मग विक्रेत्यांचा नफा. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा परदेशात भरलेल्या बाटल्या खरोखरच स्वस्त झाल्या. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात सीमाशुल्क १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. बातमी वाचून अनेकांनी हिशेब मांडला, की आता बाटली अर्ध्या किमतीत. तसं होणार नाही. सीमाशुल्क लागतं ते मालाच्या आयात किमतीवर, आणि स्वस्त ब्लेंडची आयात किंमत मुळातच थोडी असते. उरलेला डोंगर राज्याच्या करांचा आणि नफ्याचा आहे. गोव्यात हा डोंगर बुटका आहे हे खरं, पण तिथली बाटली परवाना नसताना डिकीत घालून सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर आलात तर बाटली जाते आणि वर केस होते.

आता या खालच्या फळीवर काय असतं ते पाहू. तिथलं जवळजवळ सगळं ब्लेंडेड असतं आणि ब्लेंड ही मूळची वाण्यांची विद्या आहे. किलमार्नोकचा जॉन वॉकर, एडिंबराचा जॉर्ज बॅलंटाइन, ॲबर्डीनचे शिवास बंधू, पर्थचा मॅथ्यू ग्लोग, ही सगळी किराणा-मद्याची दुकानं चालवणारी माणसं. चहा कसा मिसळायचा हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. गिऱ्हाईक आज नेलेली चव पुढच्या महिन्यात परत मागतं आणि मळ्यातला चहा तर दर हंगामाला बदलतो. मग पाच-सहा प्रकार मिसळून ती चव धरून ठेवायची. व्हिस्कीचंही तेच होतं. हायलँडमधल्या भट्ट्यांची माल्ट एका पिंपात एक आणि दुसऱ्यात दुसरी. १८३० मध्ये एनिअस कॉफीने आपल्या उभ्या, अखंड चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि हलकी, स्वस्त ग्रेन व्हिस्की मुबलक तयार होऊ लागली. १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन यांची सरमिसळ करणं सोपं झालं. त्यातच फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे खाल्ले, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि लंडनच्या क्लबांतल्या रिकाम्या ग्लासांत ही ब्लेंडेड स्कॉच जाऊन बसली.

माल्टवाल्यांना हे मुळीच आवडलं नाही. ग्रेन मिसळलेल्या मालाला व्हिस्की म्हणायचंच नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. १९०५ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या पालिकेने यावरून काही विक्रेत्यांवर खटले भरले. शेवटी शाही आयोग बसला. १९०९ मध्ये त्याने सांगितलं, की दोन्ही व्हिस्क्याच आणि त्यांचं मिश्रणही व्हिस्कीच. त्याच वर्षी वॉकर मंडळींनी आपल्या बाटल्यांना लेबलांच्या रंगांची नावं दिली. रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही तेव्हाची.

हा इतिहास सांगायचं कारण, सिंगल माल्ट पिणारे आजही ब्लेंडकडे पाहून नाक मुरडतात. एका भट्टीची, एका स्वभावाची माल्ट चांगली लागणं यात भट्टीचं आणि पिंपाचं श्रेय मोठं. पण वीस-तीस ठिकाणच्या व्हिस्क्या, त्यातही निम्म्याहून अधिक तरुण आणि निर्गुण ग्रेन, एवढ्या भांडवलावर वर्षानुवर्षं एकच चव काढायची आणि ती मध्यमवर्गाला परवडेल अशा दरात द्यायची, हे कसब मला जास्त मोठं वाटतं. स्वस्त स्कॉच चाखताना आपण तोलत असतो ते हे कसब.

तर रीत. पुण्यात कोथरूडला एका मित्राच्या घरी आमची चाखण्याची बैठक बसते. तिची सूत्रं वहिनींच्या हातात असतात. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि स्वतः घेत नाहीत. ओतायला न पिणारं माणूस हवं, हा पहिला नियम त्यातूनच निघाला. कोणत्या ग्लासात काय हे फक्त त्यांना ठाऊक. कुणी पहिल्याच घोटाला ‘ही तर अमुक’ असं म्हटलं की त्या म्हणतात, ‘भाऊजी, नाव नंतर. आधी वास सांगा.’

चार खंबे घ्यायची गरज नाही. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, हंड्रेड पायपर्स या सगळ्यांच्या क्वार्टर मिळतात. चौघांनी वर्गणी काढली की प्रत्येकाच्या वाट्याला एका बाटलीपेक्षा कमी खर्च येतो. ग्लास सगळे सारखे आणि तोंडाशी निमुळते हवेत. वाईनचे छोटे ग्लास उत्तम. ते नसतील तर कटिंग चहाचे चालतील. पसरट तोंडाचा जाड बुडाचा ग्लास मात्र कपाटातच राहू द्या, त्यात वास ठरत नाही. ओतल्यावर प्रत्येक ग्लासावर बशी झाकायची. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, कारण कॅरमेलने तो हवा तेवढा गडद करता येतो आणि गडद दिसली की जीभ आपोआप ‘जुनी, मुरलेली’ म्हणू लागते. आम्ही ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळतो.

प्रत्येकात पंधरा मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून. चार ग्लास म्हणजे साठ, म्हणजे एक मोठा पेग. एका संध्याकाळी तेवढंच. त्यापुढे नाक आणि मत दोन्ही उदार होतात. आधी नुसती हुंगायची, मग जेवढी व्हिस्की तेवढंच पाणी घालायचं. हे ऐकून शौकीन दचकतात, पण स्कॉटलंडमधले ब्लेंडर नमुने पारखताना वीस टक्क्यांच्या आसपास पातळ करूनच हुंगतात. पाण्याने वास खुलतो याला शास्त्राचाही आधार आहे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर हे तपासलं. धुराचा वास देणारं ग्वायकॉल हे द्रव्य कडक मद्यार्कात आत दडून राहतं. मद्यार्क ४५ टक्के किंवा त्याहून कमी असला की ते पृष्ठभागाकडे येतं, असं त्यांना दिसलं. पाणी मात्र फिल्टरचं घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सगळ्यांत आधी नाकात शिरतं.

चकणा नंतर. मसाला शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची यांनी तोंड पेटलं की पुढचे सगळे ग्लास एकाच घरचे वाटतात. मध्ये तोंड स्वच्छ करायला साधा पाव किंवा लाह्या पुरतात. खोलीत उदबत्ती नको, अंगावर सेंट नको, आणि दिवाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चालू असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी ढकला. बाकी ऋतू म्हणाल तर हाच योग्य. कार्तिकातल्या पुण्याच्या संध्याकाळी आपली खोली थोडीफार स्कॉटलंडच्या जवळ जाते.

आणि आता खरी परीक्षा. तीन ग्लास घ्यायचे. दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कोणता, एवढंच ओळखायचं. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत ही त्रिकोणी चाचणी म्हणून रूढ आहे. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा उत्तर बरोबर येतंच, त्यामुळे एकदा जिंकलेल्याने मिशीला पीळ देऊ नये. सलग तीनदा योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता मात्र २७ त १. तेवढं जमलं तर ‘मला फरक कळतो’ असं म्हणायला हरकत नाही. ही चाचणी आम्ही एका बैठकीत उरकत नाही, नाहीतर वरचा साठचा नियम मोडतो.

आमच्या टेबलावर या चाचणीने जे दाखवलं ते थोडं अनपेक्षित होतं. रेड लेबल आणि ब्लॅक लेबल यांतला फरक सगळ्यांनाच कळला, दर वेळी. म्हणजे ब्लॅक लेबलसाठी जास्तीचे पैसे मोजणारे फक्त लेबलाला भुलतात, हा सूर खोटा. ब्लॅक लेबलमध्ये बारा वर्षांहून लहान एकही व्हिस्की नसते आणि पिंपातली ती वर्षं जिभेला लागतात. उलट व्हॅट ६९ आणि ब्लॅक अँड व्हाइट यांच्यासाठी वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडणाऱ्या दोघांना सोडा घातल्यावर त्या वेगळ्या काढता आल्या नाहीत. साध्या पाण्यात जमल्या, सोड्यात नाही.

टीचर्स सगळ्यांत आधी ओळखू आली ती धुरामुळे. विल्यम टीचरच्या ग्लासगोतल्या घराण्याने ‘हायलँड क्रीम’ हे नाव १८८४ मध्ये नोंदवलं आणि पुढे १८९८ मध्ये ॲबर्डीनशायरमध्ये आर्डमोर ही स्वतःची भट्टी उभारली. मोड आलेले जव सुकवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली कुजून दबलेली वनस्पतींची माती, जाळली की तिचा धूर दाण्यात मुरतो. मुख्य भूमीवरच्या बहुतेक भट्ट्यांनी ही पद्धत सोडली, आर्डमोरने ठेवली. त्यामुळे टीचर्सला हुरड्याच्या शेकोटीचा वास आहे, खाली भाजलेल्या धान्याची गोडी आणि पाणी घातल्यावर पिकल्या सफरचंदाची हलकी आंबटगोड झाक. अंग भरदार. थोडी रांगडी आहे आणि मला ती तशीच आवडते.

ब्लॅक अँड व्हाइट मऊ. जेम्स ब्युकॅनन या चतुर विक्रेत्याने ती काळ्या बाटलीत पांढऱ्या लेबलाने विकली, लोकांनीच तिला हे नाव दिलं, कुत्र्यांची जोडी मागाहून आली. तिच्यात व्हॅनिला पुढे येतो आणि त्यामागे सुकं खोबरं. दोन्ही ओकच्या लाकडातून आलेले. अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं असा कायदा आहे. एकदा वापरलेली ती पिंपं स्कॉटलंडला स्वस्तात मिळतात आणि आपल्या ग्लासातल्या खोबऱ्याचं मूळ तिथे असतं. व्हॅट ६९ तिच्यापेक्षा पातळ, गोडसर, शेवटाला किंचित कडू. लीथच्या विल्यम सँडरसनने १८८२ मध्ये शंभर मिश्रणं तयार करून जाणकारांपुढे ठेवली आणि त्यांनी एकोणसत्तराव्या पिंपाला कौल दिला, अशी तिची कथा सांगितली जाते. म्हणजे तिचा जन्मच चाखण्याच्या बैठकीतला. हंड्रेड पायपर्स या दोघींच्या आणि टीचर्सच्या मधली. धूर आहे, पण दारात उभा राहून परत जाणारा.

रेड लेबलला मिरीचा तिखटपणा आहे. सोडा किंवा आल्याच्या पेयात तो उठून दिसतो, पण साध्या पाण्यात जिभेला टोचतो. साध्या पाण्यातून घेणाऱ्याने तिच्यावर जास्तीचे पैसे घालू नयेत, असं माझं मत. आमच्यातला एकजण हे मान्य करत नाही आणि दर वर्षी तिचा पक्ष लढवतो.

बर्फाबद्दल दोन शब्द. गारव्याने वास दबतात, म्हणून चाखताना बर्फ नको. पिताना ज्याची त्याची मर्जी. उन्हाळ्यात बाटली घटकाभर फ्रिजमध्ये ठेवून घेतली तर बर्फापेक्षा बरं जमतं. फोडलेली बाटली उभी आणि अंधारात ठेवावी, आडवी नव्हे; अर्ध्याखाली गेली की हवेने चव पडत जाते, म्हणून तुलनेला सगळ्या बाटल्या एकाच सुमाराला फोडलेल्या हव्यात. आणि काकांनी १९८५ मध्ये दुबईहून आणलेली, कपाटात जपलेली बारा वर्षांची स्कॉच आजही बाराच वर्षांची आहे. काचेत व्हिस्की मुरत नाही.

महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय पंचवीस पूर्ण हवं आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा परवाना हवा, घरी बसून घेतली तरी. फार थोडे लोक तो काढतात, काढून ठेवावा.

एकच बाटली घ्यायची असेल आणि पाण्यातून घेणार असाल तर टीचर्स. पाहुणे बरेच असतील आणि सोडा वाहणार असेल तर ब्लॅक अँड व्हाइट किंवा व्हॅट ६९, त्या दिवशी जी स्वस्त मिळेल ती. महिन्यातून एकदाच, सावकाश घेणाऱ्याने पैसे साठवून ब्लॅक लेबल घ्यावी. आणि बाटली संपली की भंगारवाल्याला देण्याआधी तिचं लेबल फाडा, झाकण मोडून टाका. बनावट स्कॉच भरणाऱ्यांना धड लेबलाची, धड झाकणाची रिकामी बाटलीच हवी असते, आणि ती त्यांना तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरातून मिळते.